हाडातला स्क्रू : स्टीलचा की मॅग्नेशियमचा?

आमच्या गटातल्या एका काकूंचा पाय मोडला. स्टीलची पट्टी बसवली. वर्षाने ती टोचू लागली, म्हणून काढायला पुन्हा ऑपरेशन, पुन्हा खर्च, पुन्हा बुडालेली मजुरी. आम्ही डॉक्टरांना विचारलं, आपोआप विरघळणारं काही नसतं का?

असतं. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे स्क्रू. तेवढ्याच आकाराच्या स्टीलच्या जेमतेम पाव वजनाचे. स्टील हाडापेक्षा फार ताठ. भार तेच पेलतं, त्यामुळे खालचं हाड कमजोर पडू शकतं. मॅग्नेशियमचा ताठपणा हाडाच्या जवळचा, आणि तो शरीरात हळूहळू विरतो. पण विरताना वायू सुटतो, अन् ताकदही कमी. युरोपात २०१३ साली अशा स्क्रूंना परवानगी मिळाली, ते मुख्यतः लहान हाडांसाठी. मांडीच्या हाडाचा भार पेलायला स्टील किंवा टायटॅनियमच हवं.

प्रत्येक पट्टी काढावीच लागते असंही नाही. म्हणून ऑपरेशनआधीच विचारायचं: धातू कोणता? काढावा लागेल का? कधी? खर्च किती? आणि कागद जपून ठेवायचे. विचारण्यात लाज कसली, बायांनो? पाय आपला आहे.