तलावाकाठी, सगळ्यांसह

मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांकडे सरकला, की घरोघरी विषय निघतो : यंदा पाण्याकाठी कुठं जायचं? मुलं म्हणतात, लोणार. उल्काघातानं झालेलं ते खारं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं, त्याच वर्षी रामसर यादीतही आलं. पाहावं असंच आहे, पण हिवाळ्यात. काठावरून शंभराहून अधिक मीटर खाली उतरायचं, तेवढंच उन्हात चढायचं, आणि ते पाणी डुंबण्याचं नव्हे. मग ठरतं काय? 'अम्मी, तुम्ही घर सांभाळा.' पंचेचाळीस अंशांत, पंख्याखाली, एकटीनं! ही कसली सहकुटुंब सुटी?

जिथं अम्मीचे गुडघे पोचतील तिथंच जावं, असं माझं मत. म्हणून चिखलदरा. परतवाड्याहून घाट चढला, की सुमारे ११०० मीटर उंचीवरची हवा लागते. शक्कर तलावाकाठी चटई टाकली, की म्हातारी माणसं निवांत. मे महिन्यात पाणी ओसरलेलं असतं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. त्यांचे पाय शिवशिवत असतील तर सकाळीच गाविलगड दाखवा. शिदोरी मात्र पुरुषांनी बांधावी; सुटी बायकांचीही असते. आणि अम्मीची गोधडी विसरू नका, तिथं रात्री गार वारा सुटतो.