पावसाची खतावणी



हवामानाच्या नोंदी संगणकाच्या दप्तरात कशा मांडाव्यात, या विषयाला ऐन मे महिन्यात मालवणात श्रोते मिळणार नाहीत, असे भाकीत मला ऐकविण्यात आले होते. हवामानासंबंधीचेच भाकीत ते, चुकले. (हशा)

१८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचा इतिहास आपणांस विदित आहे, तो सोडतो. एखाद्या स्वयंचलित केंद्राने दर दहा मिनिटांनी नोंद केली, तर दिवसाला १४४ आणि वर्षाला ५२,५६० ओळी जमतात. या राशीने भयभीत होण्याचे कारण नाही. केंद्र आणि क्षण या जोडीने ओळखली जाणारी एकेक ओळ, तीत तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस यांचे रकाने, आणि केंद्रांच्या जागांचा तक्ता निराळा, एवढ्यावर संसार चालतो.

माझा आग्रह मात्र एकच आहे: न आलेली नोंद शून्य म्हणून रुजू करू नये. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा विजेचे खांब कसे आडवे झाले हे मी तुम्हांला काय सांगावे? अशा रात्री एखादे केंद्र मुके झाले, आणि रकाना रिकामा राहता कामा नये अशी शिस्त तक्ता आखणाऱ्याने घालून दिली असल्यामुळे तेथे शून्य उमटले, तर भर वादळात आकाश कोरडे होते असा सरकारी दाखला तयार होतो. आणि आंबा-काजूचा हवामानावर आधारित विमा अशाच आकड्यांवर चालतो. पुढच्या रांगेतील देवगडकर बागायतदारांच्या भुवया वर गेल्या आहेत. मी विमा कंपनीचा वकील नव्हे, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे. (हशा)

क्षणाचीही कैफियत आहे. खात्याचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला संपतो, ग्रिनिचच्या घड्याळात तेव्हा तीन वाजलेले असतात; म्हणून २६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयाचे सांताक्रूझ येथील ९४४ मिलिमीटर २७ तारखेच्या खाती पडले. जागेचीही तीच गत: त्याच चोवीस तासांत कुलाब्यास जेमतेम ७३ मिलिमीटर मोजले गेले. तेव्हा ओळीत ग्रिनिचचा क्षण लिहावा, तारीख मागाहून काढावी, आणि केंद्र एक फर्लांगभर हलविले तरी जागांच्या तक्त्यात तारखेनिशी नवी नोंद घालावी. त्या दिवशी मुंबईत अडकलेले चाकरमानी येथे असतीलच, त्यांच्या हकीकती ऐकत बसलो तर...

अध्यक्षांनी घंटा वाजविली. तक्त्याच्या महिनावार विभागणीचे प्रकरण गेले म्हणायचे! परंतु मागून एका गृहस्थांनी शंका काढली आहे की, पर्जन्यमापकाचे नरसाळे पाल्याने तुंबले तर यंत्र स्वतःच शून्य पाठवील, त्याचे काय? शंका बिनतोड आहे, माझ्या आग्रहाच्या मात्र विरुद्ध नाही. आलेले शून्य जसेच्या तसे राहू द्यावे, शेजारच्या रकान्यात संशयाची खूण करावी, आणि दुरुस्ती कोणी, केव्हा, कशाच्या आधारे केली ते निराळ्या तक्त्यात लिहावे. मूळ आकडा खोडण्याचा अधिकार कोणालाही नसावा, अध्यक्षमहाराज, आपणांसही नाही.