यंत्राची माघार

हेलकावे खाणाऱ्या जहाजावर विमान उतरविणें ही वैमानिकाची खरी कसोटी. धांवपट्टी तोकडी, तीही सतत पुढें सरकणारी. विमानाच्या शेपटाशीं असलेला आंकडा डेकवरील पोलादी दोरांत अडकला तरच तें थांबतें. एरव्हीं तत्क्षणीं पुन्हां उड्डाण करावें लागतें. या कसोटींत अनेक तरुणांनीं प्राण गमावले.

हें काम यंत्राकडे सोंपविण्याचा प्रयत्न जुना आहे. १२ ऑगस्ट १९५७ रोजीं अमेरिकेच्या ‘अँटिएटम’ जहाजावर, वैमानिकानें सुकाणूस हात न लावतां, विमान उतरलें. पुढें १० जुलै २०१३ रोजीं ‘एक्स-४७बी’ हें वैमानिकरहित विमान ‘जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’ या जहाजावर दोनदां उतरलें. तिसऱ्या खेपेस त्याच्या एका दिशादर्शक संगणकांत दोष उद्भवला. तो विमानानेंच ओळखला, जहाजाचा नाद सोडला व व्हर्जिनियांतील वॉलॉप्स बेटावर तें सुखरूप उतरलें.

२२ एप्रिल २०१५ रोजीं त्याच विमानानें आकाशांतच दुसऱ्या विमानापासून इंधन घेतलें. टांकीवाहू विमानामागें लांब नळी लोंबते. तिच्या टोकाची टोपली वाऱ्यानें डोलते. तींत आपली नळी अचूक घालावयाची! हेंहि यंत्रानें साधलें.

तरी दोन्ही पराक्रमांहून ती माघारच अधिक बोधप्रद आहे. हात अचूक असणें पुरेसें नसतें. थांबावें केव्हां, हेंहि कळावें लागतें. आणि तो विवेक यंत्रास उपजत नव्हता. माघारीचे नियम माणसांनींच आधीं विचारपूर्वक घालून दिले होते.