ते घोरणं नव्हतं



मी कविता लिहितो, म्हणजे शब्द पारखून घेणं हे माझं काम. पण जेव्हा एका शब्दावर सगळं अवलंबून होतं, तेव्हा माझा शब्द चुकला. आज त्याविषयीच बोलणार आहे.

आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात राहतो. काही वर्षांपूर्वी एके पहाटे मी फजरच्या नमाजासाठी उठलो होतो. तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी दार ठोठावलं, "भाई, यांना बघा ना!" भाऊ जमिनीवर निपचित पडले होते. मी रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. पलीकडून विचारलं, "श्वास चालू आहे का?" भाऊंच्या घशातून मधूनमधून घरघर येत होती. मी म्हणालो, "हो, घोरतायत." मग आम्ही तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, तळवे चोळले आणि गाडीची वाट पाहत बसलो. गाडी आली, पण भाऊ वाचले नाहीत.

पुढे एका डॉक्टरांनी मला समजावलं. हृदय बंद पडल्यावरही काही जण थोडा वेळ असे आचके देतात. ऐकणाऱ्याला ते घोरणं वाटतं, पण तो श्वास नव्हे. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चार-सहा मिनिटांतच इजा होऊ लागते. "तुम्हीच नाही, पुष्कळ जण इथे फसतात," असंही ते म्हणाले.

आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतात, ही मोठीच सोय. पण गल्लीबोळांतून वाट काढत येणाऱ्या गाडीला वेळ लागतोच. ब्रिटनमध्ये हृदय बंद पडलेल्या आठ हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णवाहिकेतल्या लोकांनी काहींना अ‍ॅड्रेनलिन टोचलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. महिन्यानंतर औषधवाल्यांपैकी ३.२ टक्के जिवंत होते, दुसऱ्यांपैकी २.४ टक्के. मेंदू शाबूत राहून वाचणाऱ्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. फोन केल्यापासून औषध टोचेपर्यंत तिथेही साधारण २१ मिनिटं गेली होती. म्हणजे पहिली मिनिटं शेजाऱ्याच्याच हातात असतात.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. माणूस हाक मारून, हलवून उठत नाही आणि नेहमीसारखा श्वास घेत नाही, तर हृदय बंद पडलं असं समजा. फोनवर नेमकं तेच सांगा. फोन स्पीकरवर ठेवा. रुग्णाला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. छाती पाचेक सेंटिमीटर खाली दाबा आणि पुन्हा पूर्ण वर येऊ द्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. एकाने नाक्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवावी. मदत येईपर्यंत थांबू नका.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत आम्ही वीसेक जण हे एका डॉक्टरांकडून शिकलो. वहिनीही आल्या होत्या. सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर त्यांनी पूर्ण दोन मिनिटं दाब दिला. मग घाम पुसत मला म्हणाल्या, "भाई, इतकं सोपं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. ते तुमच्याकडे असावं, एवढ्यासाठी हे सांगितलं.