पायाखालची ऊब

आम्ही सोलापूरची माणसं. उन्हाळ्यात शहाबादी फरशीवर पाणी शिंपडायचं आणि अंग टाकायचं, हे आमचं सुख. फरशी गार असावी, एवढंच आम्हाला ठाऊक. ती तापवण्यासाठी कुणी पैसे मोजतं, हे शालवाल्या भाईजानांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं.

भाईजान श्रीनगरचे. दिवाळीनंतर शालींची गाठोडी घेऊन आमच्या गल्लीत येतात, फेब्रुवारी सरता सरता परततात. म्हणजे काश्मीरचा ‘चिल्लई कलान’, २१ डिसेंबरपासूनचा चाळीस दिवसांचा कडाका, त्यांच्या घरची माणसं त्यांच्याविना काढतात. एका हिवाळ्यात म्हातारी आई खोली बंद करून, गॅसची शेगडी लावून झोपली. पहाटे बेशुद्ध सापडली. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. सुनेनं वेळेवर दार उघडलं म्हणून ती वाचली. भाईजानांना ही बातमी सोलापुरात कळली.

मी ऑक्टोबरात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा घरात वाद चालला होता. मुलगा म्हणे, फरशीखाली विजेच्या तारा घालू. भाईजान म्हणाले, “ऐन थंडीतच वीज जाते, तेव्हा काय करायचं?” पाइपांतून गरम पाणी खेळवण्याची सोयही असते, पण तिचा पंपही विजेवरच चालणार. शेवटी हमाम ठरला.

हमाम म्हटलं की आपल्याला न्हाणीघर आठवतं. काश्मिरात ती खालून तापणारी खोलीही असते. कित्येक मशिदींतही असते. जमिनीत पोकळी ठेवून तीत छोटे खांब उभारतात, त्यांवर चुनखडीच्या जाड फरश्या बसवतात. लाकडं घालायचं तोंड खोलीच्या बाहेर. जाळ आणि धूर फरशीखालून फिरून धुराड्यानं बाहेर पडतात. भट्टीवरच तांब्याचं भांडं बसवलेलं असतं, त्यामुळे वजूला गरम पाणी मिळतं. काही तास लाकडं जाळली की दगड रात्रभर ऊब धरून ठेवतो.

मुलाला हमाम पाहुण्यांच्या दिवाणखान्यात हवा होता. भाईजानांनी आईचीच खोली धरली. खोली लहान, म्हणजे लाकूड कमी लागणार, शिवाय तळमजल्यावरची. धुराड्याजवळ लाकडी तुळई येऊ द्यायची नाही, हे त्यांनी गवंड्याला चारदा बजावलं. हमामानं घरं पेटल्याचंही तिथं ऐकायला मिळतं. पहिला जाळ मंद केला, एकदम तापून दगड तडकू नये म्हणून. तरी एका सांध्यातून धूर आलाच. गवंडी म्हणाला, “बसेल आपोआप.” भाईजानांनी तो सांधा उकरून पुन्हा भरून घेतला. जो वायू टाळण्यासाठी एवढा खर्च केला, तोच फटीतून आत आला तर काय उपयोग?

त्या डिसेंबरात भाईजान नेहमीप्रमाणे आले आणि आमच्या ओसरीवर मुक्कामाला राहिले. आमची शहाबादीही चुनखडीचीच. पण खाली जाळ नाही, त्यामुळे पहाटे बर्फासारखी. एका रात्री आईचा फोन आला. नंतर मी विचारलं, “काय म्हणत होत्या?”

“विचारत होती, तिथली फरशी गरम आहे का?”

“मग?”

“मी म्हटलं, आहे.”

मी आत गेलो आणि आणखी एक सोलापुरी चादर आणून त्यांच्याखाली अंथरली.