ओहोटीला उतरणारं विमान



स्कॉटलंडच्या पश्चिमेला बॅरा नावाचं बेट आहे. तिथल्या विमानतळावर डांबरी धावपट्टी नाही. आहे ती नुसती पुळण. ओहोटी लागली की ओल्या, घट्ट वाळूवर तीन धावपट्ट्या उघड्या पडतात. त्यांची टोकं लाकडी खांबांवरून ओळखायची. भरती आली की तिन्ही पाण्याखाली! ग्लासगोहून येणाऱ्या विमानाची वेळ त्यामुळे समुद्राला विचारूनच ठरते. गावकरी याच वाळूत शिंपले वेचतात. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा फडकताना दिसला, की पुळण रिकामी करायची.

इथे विमान आणते ती लोगनएअर ही विमान कंपनी. 1962 साली एका बांधकाम कंपनीने एकाच छोट्या विमानावर ती सुरू केली. आज तिच्याकडे मोठी एटीआर विमानं आहेत, एम्ब्राएर जेटही आहेत. पण वाळूवर त्यांचा काय उपयोग? तिथे लागतं ते ट्विन ऑटर : एकोणीस आसनं, दोन पंखे आणि थोडक्या जागेत उतरायची हातोटी.

उत्तरेला ऑर्कनी बेटांवर तर त्याहून लहान आयलँडर विमान उडतं. त्यात जेमतेम आठ प्रवासी बसतात. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं अंतर पावणेतीन किलोमीटरांच्या आतलं. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिलेली आहेत. वाऱ्याची साथ मिळाली तेव्हा ते 53 सेकंदांतही पार झालंय. जगातली सर्वांत छोटी नियमित विमानफेरी म्हणून गिनीज बुकाने तिची नोंद केली आहे.

हा मान मोठाच. मला मात्र त्याहून मोलाचं वाटतं ते दुसरंच. पापा वेस्ट्रेवर शंभरसुद्धा माणसं राहत नाहीत. तरीही त्यांच्यासाठी विमान येतं. शिक्षक येतात, आजारी माणूस कर्कवॉल शहरातल्या इस्पितळात पोचतो. 1967 ते 2006 अशी जवळजवळ चाळीस वर्षं स्कॉटलंडची हवाई रुग्णसेवा लोगनएअरनेच चालवली. 1973 साली अशाच एका फेरीत, इस्पितळ गाठण्याआधी, विमानातच एका मुलीचा जन्म झाला. तिच्या आईला घेऊन निघालेल्या वैमानिकाने त्या दिवशी जे केलं, त्याची किंमत कुठल्या पारितोषिकात मोजायची?

श्रोतेहो, कधी ग्लासगोला जाणं झालं, तर बॅराचं तिकीट जरूर काढा. खिडकीशी बसा. आणि निघण्यापूर्वी विमानाची वेळ पुन्हा एकदा विचारून घ्या, कारण भरती रोज वेगळ्या वेळी येते.