ताप किती? आकडा सांगा, अक्षरही सांगा

भाकरी थापता थापता ऐकत असाल, तशाच ऐका. मधे एकदा फक्त कागद-पेन्सिल लागेल.

बातम्यांत आपण ऐकतो, आज पारा ४२ वर गेला. त्याच दुपारी पोराच्या काखेत थर्मामीटर लावला तर तो १०१ दाखवतो. मग पोर काय उन्हाच्या दुपटीहून जास्त तापलं? तसं नाही. मोजायच्या पट्ट्याच दोन आहेत, जसं अंतर मैलातही सांगतात आणि किलोमीटरातही. हवामानाचे आकडे सेल्सिअसमध्ये येतात, घरातला ताप मात्र आपण अजून फॅरनहाइटमध्येच बोलतो. दोन्ही नावं अठराव्या शतकातल्या शास्त्रज्ञांची. त्यातल्या सेल्सिअसने तर आधी पट्टी उलटीच आखली होती, उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १००! पुढे ती सुलटी झाली. आता सेल्सिअसमध्ये बर्फ ० ला वितळतो, पाणी १०० ला उकळतं. फॅरनहाइटमध्ये हेच आकडे ३२ आणि २१२.

बटणाच्या थर्मामीटरमध्ये बऱ्याचदा दोन्ही पट्ट्या असतात. चुकून बटण दाबलं गेलं की पट्टी बदलते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. आकड्याशेजारी बारीक अक्षर असतं, एफ किंवा सी. ते आधी बघायचं. कारण ९८-१०० ची सवय असलेल्या बाईला ३८.५ दिसलं तर तिला वाटेल, आकडा लहान आहे, ताप नाही. खरं तर तो १०१ च्या वर ताप आहे.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत तर जास्तच जपायचं. काखेत ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, हे ठीक. त्याच्यावर गेलं तरी काळजी, आणि खाली गेलं तरी काळजी. गार पडलेलं बाळही आजारी असू शकतं, हे आपल्याकडे पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. गार लागलं तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यायचं, अंगावर पाजायचं आणि आशाताईंना लगेच कळवायचं. ताप असला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. फोनवर सांगताना “अडतीस सेल्सिअस” असं पुरतं सांगायचं.

आता तोंडी हिशेब. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करा, त्या दुपटीचा दहावा हिस्सा कमी करा, ३२ मिळवा. ३८ ची दुप्पट ७६. त्यातून ७.६ गेले, राहिले ६८.४. त्यात ३२ मिळवले की १००.४. उलट जायचं तर आधी ३२ वजा, मग ९ ने भागून ५ ने गुणायचं. १०४ मधून ३२ गेले ७२, नऊ आठे बहात्तर, आठ पंचे चाळीस. झालं!

हिशेब नको असेल तर लिहून घ्या: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. चिठ्ठी थर्मामीटरच्या डबीतच ठेवा.

कोंबडीपालन करणाऱ्या गटांसाठी एक वेगळी गोष्ट. खुडूक कोंबडी पिल्लांवर असली तर प्रश्नच नाही, तिला कुठली पट्टी लागत नाही. पण बल्बखाली पिल्लं वाढवताना सांगतात, पहिल्या आठवड्यात ९५ अंश ठेवा आणि दर आठवड्याला ५ अंश कमी करा. हे फॅरनहाइट आहे. ९५ म्हणजे ३५ सेल्सिअस, इथवर बरोबर. पण मग सेल्सिअसच्या थर्मामीटरवर ५-५ अंश उतरवले तर चौथ्या आठवड्यात २० वर येतो, आणि हवेत असतात सुमारे २७. पिल्लं गारठून एकमेकांवर चढतात, खालची गुदमरतात. फरक मोजताना ३२ मधे आणायचेच नाहीत. फॅरनहाइटचे ९ अंश म्हणजे सेल्सिअसचे ५, म्हणून तिथले ५ म्हणजे इथले पावणेतीन. ३५, मग ३२, मग साडेएकोणतीस, मग २७ च्या आत-बाहेर, असं उतरायचं.

थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला टांगा, वर बल्बजवळ नको. आणि आकडा बरोबर दिसत असूनही पिल्लं बल्बखाली गोळा होत असतील तर बल्ब थोडा खाली घ्या. चोच उघडून कडेला पळत असतील तर वर घ्या.